वगळलेला शब्द : मराठी ग्रामीण वाङ्मयातील शासन आणि शेती

सन १९६३ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक लहानसा कायदा संमत केला. राज्यास लागू असलेल्या निरनिराळ्या कायद्यांत जेथे जेथे दुष्काळवाचक ‘फॅमिन’ ही संज्ञा येत होती तेथून ती काढून टाकावी व तिच्या जागी ‘टंचाई’ ह्या अर्थाची संज्ञा घालावी, एवढाच त्याचा विषय होता. कारण असे देण्यात आले की, राज्यातील शेतीच्या परिस्थितीवर सरकारचे सतत लक्ष असते, टंचाईची चिन्हे दिसू लागताच उपाय योजले जातात, सबब दुष्काळ उद्भवण्यास आता वावच राहिलेला नाही. पुढे अवघ्या सात-आठ वर्षांत, १९७० ते १९७३ ह्या काळात, ह्याच राज्यावर जे संकट ओढवले त्यात सरकारी कामांवर खडी फोडणाऱ्या व माती वाहणाऱ्या माणसांची संख्या १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाखांवर गेली. लोकांनी त्यास टंचाई म्हटले नाही. ‘बहात्तरचा दुष्काळ’ हेच त्याचे नाव पडले, आणि कामावर मिळणारी सुकडी व परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी ह्यांच्या आठवणींसह ते नाव आजही खेड्यापाड्यांत टिकून आहे.

वाङ्मयाच्या अभ्यासकास हा कायदा अर्थशास्त्रज्ञाइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, महत्त्वाचा वाटावयास हवा. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द घातला की कार्यकारणभाव कसा बदलतो ह्याचे इतके निर्भेळ उदाहरण सहसा सापडत नाही. ‘दुष्काळ’ म्हटले की कोणी तरी उत्तर द्यावयाचे असते. ‘टंचाई’ ही मात्र ऋतुमानाप्रमाणे येते आणि जाते. ह्यावरून जो प्रश्न मनात येतो तो असा : आपल्या ग्रामीण वाङ्मयाने शेतकऱ्याच्या हलाखीचे कारण कोणते मानले? पाऊस, सावकार, स्वभाव, नियती, की सरकारचे धोरण? प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार मोजक्याच कृतींच्या आधारे करावयाचा आहे. समग्र आढावा घेण्याचा उद्देश नाही. तसले आढावे आपल्याकडे पुष्कळ झाले आहेत, आणि त्यांत याद्यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

आरंभ अर्थातच जोतीराव फुले ह्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’पासून करावा लागतो. हा ग्रंथ १८८३ मधला. त्याचा काही भाग ‘दीनबंधू’त छापल्यावर पुढील भाग छापण्याचे धाडस त्या पत्रास झाले नाही, ही गोष्ट ग्रंथाच्या धारेची साक्ष म्हणून नेहमी सांगितली जाते. परंतु ती धार नेमकी कोणाविरुद्ध होती, ह्याबद्दल आपल्या समीक्षेत एक प्रकारचा आळस शिरला आहे. भटशाहीवरील हल्ला एवढाच ग्रंथाचा आशय समजून कोणी त्याचा गौरव केला, कोणी त्यास नाक मुरडले. आणि दोन्ही पक्षांनी ग्रंथातील महसुलाचा, कालव्याचा, जंगलाचा व कारखानी मालाचा भाग जणू परिशिष्ट असल्यासारखा बाजूस ठेवला. वस्तुतः ग्रंथाचा कणा तोच आहे.

तो समजण्यासाठी त्या काळच्या दक्षिणेतील रयतवारीचा इतिहास थोडा ध्यानी घ्यावयास हवा. पुणे जिल्ह्यात प्रिंगल ह्या अधिकाऱ्याने निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरविण्याचे तत्त्व अवलंबिले होते. कागदावर ते शास्त्रीय होते. प्रत्यक्षात गावेच्या गावे ओस पडू लागली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनी १८३६ पासून इंदापूर तालुक्यात नवी, हलकी आकारणी सुरू केली आणि ती तीस वर्षांसाठी कायम केली. ही मुदत संपली ती नेमक्या कोणत्या वेळी? अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ पर्यंत कापसाचे भाव आकाशाला भिडले होते. त्या तेजीच्या छायेत फेरआकारणी झाली, सारा वाढला, आणि लगोलग भाव कोसळले. वाढलेला सारा रोखीने आणि ठरल्या हप्त्यास भरावयाचा, म्हणजे पीक विकावयाच्या आधीच सावकाराच्या ओट्यावर जाणे आले. ता. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. चौकशी-आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. ह्या कायद्याने सावकाराच्या व्याजावर, खतांवर व दिवाणी दाव्यांवर निर्बंध घातले. साऱ्याच्या आकारणीस त्याने हात लावला नाही.

हा शेवटचा मुद्दा आमच्या दृष्टीने कळीचा आहे. सरकारने गुन्हेगार निश्चित केला, आणि तो सरकार नव्हते. त्यानंतरच्या शंभर वर्षांच्या मराठी कथेकडे पाहता असे म्हणावयास हरकत नाही की, १८७९ च्या कायद्याने मराठी कथेस तिचा आवडता खलपुरुष पुरविला. चोपडी बगलेत मारून दारात उभा राहणारा सावकार रंगभूमीवर आला, चित्रपटात आला, शालेय पाठ्यपुस्तकांत आला. तो खोटा होता असे नव्हे. परंतु रयतेस त्याच्या दारी पाठविणारा हप्त्याचा दिवस मात्र क्वचितच कोणाच्या कथेत आला.

‘असूड’मध्ये तो येतो. चौथ्या प्रकरणातील प्रसंग सर्व अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. साहेबाच्या मुक्कामाहून निराश होऊन परतलेला एक कुणबी आपल्या शेतातील झाडाखाली पडून स्वतःशीच बडबडतो. त्या बडबडीत त्याचा बाप, बापाच्या वेळची बैलांची दावण, वाढलेला सारा, कचेरीतील कारकून, पत न उरल्याने पाठ फिरविणारा सावकार हे सारे एकामागून एक येतात. येथे सावकार साखळीतील शेवटचा दुवा आहे, पहिला नव्हे. हिशेब मांडण्याची ही रीत कोणत्याही चौकशी-आयोगाच्या वृत्तान्ताहून अधिक सरळ आहे, आणि ती एका अर्धवट तंद्रीत असलेल्या माणसाच्या तोंडी आहे. मराठी गद्यात शेतकऱ्याच्या अंतर्मनास इतक्या आधी इतकी जागा कोणी दिली होती असे दिसत नाही. जोतीरावांस कादंबरी लिहावयाची नव्हती. परंतु कादंबरीकाराने पुढे जे करावयास हवे होते ते त्यांनी ह्या चार-दोन पृष्ठांत करून दाखविले.

पाचव्या प्रकरणातील उपायांकडेही वाङ्मयाच्या अभ्यासकांनी उगीचच पाठ फिरविली आहे. पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून ठिकठिकाणी ताली व बंधारे बांधावेत व त्या कामी लष्कर आणि पोलीस ह्यांचे रिकामे मनुष्यबळ लावावे; तळ्यांतील गाळ पूर्वीप्रमाणे शेतकऱ्यांस फुकट न्यावयास मिळावा; जंगल खात्याने गिळलेली गायराने गावांस परत मिळावीत; कालव्याचे पाणी प्रत्येकास मोजून मिळावे व त्यासाठी तोट्या बसवाव्यात; शेळ्यामेंढ्यांच्या उत्तम जाती परदेशांतून आणाव्यात. हे लिहिणारा माणूस खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी कंत्राटदार म्हणून संबंध आलेला आणि कालव्याचे पाणी घेऊन स्वतः शेती केलेला होता, हे विसरून चालणार नाही. तोटीची सूचना पाहावी. पाणीपट्टी क्षेत्रावर आकारली जाते, पाण्याच्या मापावर नव्हे. त्यामुळे ज्यास पाणी पोहोचले नाही तोही पैसे भरतो आणि ज्याच्या शेतातून पाट जातो तो पाण्याची नासाडी करतो. हा दोष जोतीरावांनी १८८३ मध्ये दाखविला. उसाच्या पट्ट्यातील पाणीवाटपावर आज जे वाद होतात त्यांतील निम्मे ह्याच मुद्द्याभोवती फिरतात.

मात्र ग्रंथाचा जो दोष आहे तो मोकळेपणाने सांगितला पाहिजे, कारण तो मोठा आहे आणि त्याचे परिणाम ग्रंथाबाहेरही झाले. धोरण आणि ते राबविणारा माणूस ह्यांत जोतीराव पुष्कळदा फरक करीत नाहीत. कारकून विशिष्ट जातीचा आहे म्हणून तो रयतेस नाडतो. कारकुनाच्या जागी शेतकऱ्याचा शिकलेला मुलगा बसला की नाडणूक थांबेल, असा त्यांच्या युक्तिवादाचा ओघ आहे. त्या काळच्या कचेऱ्यांचे वर्णन म्हणून ते यथार्थ असेल. परंतु १९६० नंतरच्या महाराष्ट्रात शेतकऱ्यांची शिकलेली मुले कचेऱ्यांत, कारखान्यांच्या संचालक मंडळांवर आणि मंत्रालयातही बसली. शिक्षण, सहकार, रस्ते ह्यांत त्यामुळे फरक पडला हे नाकारण्याचे कारण नाही. शेतीमालाच्या भावाच्या बाबतीत मात्र खुर्चीवरील माणसाच्या जातीने धोरणाची जात बदलली नाही. अत्यावश्यक वस्तूंचा कायदा १९५५ चा. कृषिमूल्य आयोग १९६५ चा. महाराष्ट्रातील एकाधिकार कापूस खरेदी १९७२ ची. ह्या सर्वांच्या मुळाशी धान्य व कच्चा माल शहरास आणि गिरणीस कोणत्या भावाने मिळावा हा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर कारकुनाच्या आडनावावर अवलंबून नव्हते. कांद्याच्या भावासाठी १९८० मध्ये चाकणला रस्ता अडविला गेला तेव्हा ही गोष्ट चळवळीच्या भाषेत प्रथमच स्वच्छपणे बोलली गेली. वाङ्मयात ती येण्यास आणखी वीस वर्षे लागली, त्याचा विचार पुढे करू.

मधल्या काळात काय झाले? ‘असूड’चा वारसा ग्रामीण कादंबरीने सांगितला, पण चालविला नाही, असे आमचे मत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास ग्रामीण वाङ्मयास जी प्रतिष्ठा लाभली ती बोलीमुळे, व्यक्तिचित्रांमुळे, निसर्गाच्या प्रत्ययामुळे. ह्या गुणांची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु विद्यापीठीय समीक्षेने तेवढ्याच गुणांचे माप केले, आणि ‘मातीचा वास’ ह्या दोन शब्दांनी इतकी पृष्ठे भरली गेली की, त्या मातीचा सारा किती होता हे विचारण्यास जागाच उरली नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही ह्या दृष्टीने कसोटीची कृती होय. कादंबरी म्हणून तिची श्रेष्ठता वादातीत आहे. येथे प्रश्न निराळा आहे. औंध संस्थानातील एका धनगरवस्तीत एक तरुण मास्तर येतो, शाळा भरू लागते, तालीम उभी राहते, खुद्द राजेसाहेब तेथे येऊन जातात. शेवटी पाऊस दगा देतो आणि माणसे-मेंढरे घेऊन वाडी उठून जाते. आता औंध हे संस्थान सामान्य नव्हते. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये सत्ता ग्रामपंचायतींच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली होती आणि तिच्या घडणीत गांधीजींचा सल्ला होता. अशा संस्थानातील एका वाडीत दुष्काळ पडतो तेव्हा सुटीतहकुबी, चारा, तगाई ह्यांचा प्रश्न कथेच्या केंद्राजवळही येत नाही. दुष्काळ आकाशातून येतो आणि आकाशाखालीच संपतो.

ह्यावर असे उत्तर देता येईल की, माणदेश हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे, तेथील धनगर पिढ्यान्‌पिढ्या असाच हिंडत आला आहे आणि लेखकाने त्याच्याच दृष्टीने जगाकडे पाहिले आहे. हे उत्तर निम्मे खरे आहे. निम्मे अशासाठी की, कादंबरीचा निवेदक धनगर नाही. तो मास्तर आहे, म्हणजे संस्थानचा पगारी नोकर आहे. अर्ज कसा लिहावा हे त्या वाडीत त्यास कळते. किंबहुना वाडीत शासनसंस्था कोणत्या रूपाने आली असेल तर ती ह्या मास्तराच्याच रूपाने. माडगूळकरांनी ह्या माणसाच्या एकाकीपणाचे, त्याच्या हळूहळू वाडीचा होत जाण्याचे जे चित्र काढले आहे त्यास तोड नाही. पण त्याच्या हाती असलेल्या कागदाचे वजन त्यांनी तोललेले नाही. शाळा आणि तालीम ही राज्याची देणगी म्हणून दिसते. दुष्काळात राज्य काय करते हे दिसत नाही. ज्यांस ‘बनगरवाडी’चा शेवट अटळ वाटतो त्यांनी ही अटळता कशी सिद्ध झाली आहे हे एकदा तपासावे.

येथे थोडे विषयांतर करणे अवश्य आहे. दुष्काळ हा केवळ पावसाचा प्रश्न कधीच नव्हता. तो आणेवारीचाही प्रश्न होता. उभे पीक पाहून ते रुपयाच्या मानाने किती आणे आले हे ठरवावयाचे, आणि ठरावीक आण्यांच्या खाली आले तरच सारा तहकूब करावयाचा, ही पद्धत इंग्रजी अमदानीतील. दशमान नाणी आल्यावर आणेवारीची पैसेवारी झाली आणि ५० पैसे ही रेषा ठरली. म्हणजे गावात अन्न आहे की नाही ह्याचा निर्णय बांधावर उभे राहून काही माणसे एका अंकाने करीत. त्या अंकावर सारा, कर्जवसुली, परीक्षेची फी आणि वीजबिलातील सवलत अवलंबून. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळविषयक नियमावलीने पर्जन्य, जमिनीतील ओल, वनस्पतींची स्थिती असे निर्देशांक पुढे आणले आणि पैसेवारीचे महत्त्व कमी केले. तरी निर्णय अंकानेच होतो. बांधावरचा तो क्षण, एकोणपन्नास म्हणावयाचे की एक्कावन्न, ह्यात केवढे नाट्य आहे! तलाठी, पाटील, शेजारच्या गावाशी असलेली चढाओढ, वरून आलेली तोंडी सूचना, सारे त्यात आहे. शेतीवर इतके लिहिले गेले, पण ह्या क्षणावर उभी राहिलेली एखादी थोर कथा आमच्या पाहण्यात नाही. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणास ती ठाऊक असल्यास आनंदच होईल.

शासन वाङ्मयात अधिक स्पष्ट दिसते ते, चमत्कारिक वाटेल, शेतीच्या मालकीबाहेर ठेवलेल्या समाजांच्या लेखनात. अण्णा भाऊ साठे ह्यांच्या ‘फकिरा’त (१९५९) दुष्काळ आहे, पण त्याच्या जोडीला गुन्हेगार ठरविलेल्या जातींची हजेरी आहे. हजेरी म्हणजे धोरणच, रोज ठरल्या वेळी अंगावर येणारे. त्यामुळे तेथे उपासमार ही केवळ आकाशाची करणी राहत नाही. फकिरा धान्यासाठी व खजिन्यासाठी हात उगारतो तेव्हा तो कोणावर उगारतो ह्याबद्दल वाचकास संदेह उरत नाही. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) महारकीच्या ज्या कामांचे वर्णन आहे तीही वतनाच्या कायद्याने बांधलेली होती आणि १९५८ च्या कायद्याने संपुष्टात आली. कुणब्याकडे शासन वर्षातून दोनदा हप्त्याच्या रूपाने येई. ह्यांच्याकडे ते दररोज येई. दृष्टीतील फरक येथून पडतो. शिल्पदृष्ट्या ‘फकिरा’त भडक रंग आहेत, योगायोग आहेत, हे मान्य करूनही कार्यकारणाच्या बाबतीत ती आपल्या पुष्कळशा सुबक ग्रामीण कादंबऱ्यांहून अधिक प्रौढ आहे असे म्हणावे लागते.

आनंद यादव ह्यांच्या ‘गोतावळा’ची (१९७१) गोष्ट वेगळी, आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. गडी म्हणून राबणाऱ्या नारबाच्या सभोवतीचा जनावरांचा गोतावळा ट्रॅक्टरच्या आगमनाने उठतो. ट्रॅक्टर कोठून आला? मालकाच्या मनात आले म्हणून, एवढेच नारबास कळते. १९६० नंतरच्या काळात यंत्रे, संकरित बियाणे व रासायनिक खते ह्यांना मिळालेले उत्तेजन, भूविकास बँकांची दीर्घ मुदतीची कर्जे, १९६९ मधील बँकांचे राष्ट्रीयीकरण, ह्यांपैकी काहीही त्याच्या कानी येत नाही. यावयाचे कारणही नाही. ज्या धोरणाने त्याचा संसार मोडला ते त्याच्यापर्यंत पोहोचते ते फक्त एका यंत्राच्या घरघरीने. म्हणजे येथील शासनाची अनुपस्थिती ही पात्राच्या जाणिवेची मर्यादा आहे, लेखकाच्या जाणिवेची नव्हे. ‘बनगरवाडी’ आणि ‘गोतावळा’ ह्यांतील हा भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो. एकीत निवेदकास कळू शकत होते ते विचारले गेले नाही. दुसरीत निवेदकास कळणे शक्यच नव्हते, आणि त्या न कळण्यातूनच कादंबरीचे कारुण्य निर्माण झाले. तेव्हा प्रत्येक कादंबरीत शासननिर्णयाचा क्रमांक आला पाहिजे असा आमचा आग्रह आहे, असा समज कोणी करून घेऊ नये.

कादंबरीत शासननिर्णय आणावयाचाच झाला तर काय होते, ह्याचे उत्तर विश्वास पाटील ह्यांच्या ‘झाडाझडती’त (१९९१) मिळते. धरणाखाली बुडालेल्या जांभळी गावाच्या माणसांची ही कथा. भूसंपादन १८९४ च्या कायद्याने. पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने १९७६ मध्ये केलेला आणि पुढे १९८६ मध्ये नव्याने केलेला कायदा. लाभक्षेत्रात जमीन देण्याचे कागदावरील वचन. आणि त्या लाभक्षेत्रातील बागाइतदारांचे वजन. ह्या चौकटीत खेड्याखेड्यांत आढळणारी विश्वासू माणसे कशी चिरडली जातात हे दाखविताना पाटील ह्यांनी कचेरीच्या भाषेस कादंबरीत मानाचे स्थान दिले. मराठीत हे नवे होते. प्रकल्पग्रस्त, संपादन, मोबदला, ताबा हे शब्द पात्रांच्या जेवणाखाणात मिसळतात. एका गावचा ऊस हिरवा व्हावा म्हणून दुसरे गाव पाण्याखाली जाते, हा विकासाचा हिशेब येथे मांडला जातो. आणि दोन्ही गावांतील माणसे शेतकरीच असल्याने ‘शेतकरी विरुद्ध सरकार’ ही सोपी विभागणी टिकत नाही. ग्रामीण समाज हा एकजिनसी नाही, धोरण त्यातील एकास देते ते दुसऱ्याचे काढून देते, हे सत्य आपल्या कादंबरीत इतक्या ठळकपणे पूर्वी आले नव्हते.

तिचा दोषही ह्याच ठिकाणी आहे. पुरावा देण्याच्या भरात लेखक संकटावर संकट रचीत जातो. प्रत्येक पात्र एखाद्या प्रकरणाच्या फायलीचे शीर्षक होऊ लागते. वाचक हळहळतो, संतापतो, पण एका टप्प्यानंतर त्याचा संताप आणखी वाढत नाही. लेखक स्वतः प्रशासनात राहिलेला असल्याने त्यास यंत्रणेचे आतील ज्ञान होते. ते ज्ञान सर्वच्या सर्व वाचकास देण्याचा मोह त्यास आवरला नाही. तरीही धरणाच्या कथेस एक सोय असते, आणि तिचा लाभ ह्या कादंबरीस मिळाला आहे : धरण दिसते. भिंत आहे, पाणी चढताना दिसते, मोबदल्याच्या खिडकीत बसलेला माणूस दिसतो. अन्याय करणाऱ्या धोरणास येथे आकार आहे.

भावास तो नाही. सदानंद देशमुख ह्यांच्या ‘बारोमास’पुढील (२००२) अडचण हीच होती, आणि म्हणूनच ह्या कादंबरीचे महत्त्व आम्ही अधिक मानतो. विदर्भातील सांजोळ गावचा एकनाथ हा शिकलेला तरुण; नोकरीसाठी द्यावयाचे पैसे नाहीत म्हणून शेतीत परतलेला. बी-बियाणे, खत, मजुरी ह्यांचा खर्च वाढत जातो आणि माल बाजारात नेला की भाव कोसळलेला असतो. ह्यात दुष्ट कोण? सावकार आहे, पण १८७९ चा नव्हे. व्यापारी आहे, पण तोही दूरच्या बाजाराकडे पाहूनच बोली लावतो. जी निर्यातबंदी, जी आयात, जो हमीभाव एकनाथाचे वर्ष ठरवितो तो निर्णय अशा खोलीत होतो की तेथे कोणत्याही कादंबरीतील पात्र सहसा जाऊ शकत नाही. देशमुखांनी ह्यावर काढलेला मार्ग असा की, त्यांनी धोरणाचा परिणाम घराच्या आत मोजला : बाप आणि मुलगा ह्यांच्या बोलण्यातील अंतर, शहराकडे डोळे लागलेली सून, रिकामटेकड्या भावाची स्वप्ने, म्हातारीच्या आठवणींतील भरलेली कणगी. जोतीरावांच्या कुणब्याने झाडाखाली जी बडबड केली तिचे हे सव्वाशे वर्षांनंतरचे घरभर पसरलेले रूप आहे असे म्हणण्याचा मोह होतो.

परंतु साम्य तेथेच संपते. जोतीरावांच्या कुणब्यास निदान साहेबाच्या मुक्कामावर जाता आले होते आणि तेथून हात हलवीत परत येता आले होते. एकनाथास जावयास ठिकाण नाही. देशमुखांची पात्रे शेतीमालाच्या भावाविषयी बोलतात, पुष्कळ बोलतात, आणि काही ठिकाणी हे बोलणे चळवळीच्या सभेतून उचलून आणल्यासारखे वाटते. ह्या जागा कादंबरीतील सर्वांत दुबळ्या होत. समीक्षकांनी त्यांवर प्रचारकीपणाचा शिक्का मारला. आमच्या मते दोष प्रचाराचा नाही. ज्या सत्तेस चेहरा नाही तिच्याशी संवाद कसा लिहावा, ह्याची रीत मराठी कादंबरीस अद्याप सापडलेली नसल्यामुळे पात्रे एकमेकांशीच भाषण करू लागतात. सावकाराशी भांडणाचा प्रसंग कसा लिहावा हे आपल्या कोणत्याही लेखकास ठाऊक आहे. निर्यातबंदीची बातमी रात्री नभोवाणीवर वा हल्ली हातातील दूरध्वनीवर येते आणि सकाळी बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या ढिगापाशी उभा राहिलेला माणूस कोणाशी बोलत असेल, हे लिहिण्याचे काम अजून व्हावयाचे आहे.